भाकरीच्या पिठाचं माप

कोल्हापूरच्या उद्यमनगरात येऊन माझं खरं नाव विचारलंत तर कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा मान हलवेल. 'पीठमिस्त्री' म्हणा, लगेच कुणीतरी तुम्हाला माझ्या दारात आणून सोडेल. एकदा एक बाई हे नाव ऐकून खरोखरच गव्हाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना मी स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मागच्या गल्लीतल्या गिरणीची वाट दाखवली. माझा धंदा इंजिनांच्या हेडचा, त्यातही व्हॉल्व्हचा, आणि त्यातल्या त्यात शर्यतीच्या गाड्यांचा. त्याचा आणि पिठाचा काय संबंध, हे सांगायला बसलोय. संबंध आहे, आणि तो सांगताना आजही मला थोडं ओशाळायला होतं.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढं तुमचा खोळंबा होणार नाही. लांब दांड्याची अळंबी डोळ्यांसमोर आणा. तशी पोलादाची केली की झाला व्हॉल्व्ह. इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, निदान दोन असतात. एक हवा आणि पेट्रोल आत घेतो, दुसरा जळलेला धूर बाहेर सोडतो. खालून पिस्टन वरखाली करत असतो आणि हे दोघे आपापली वेळ साधून उघडझाप करतात, मिनिटाला हजारो वेळा. पिस्टन वर आला असताना एखादा उघडा राहिला तर दोघांची टक्कर होते, आणि मग इंजिन पोत्यात भरून माझ्याकडे येतं.

आत घेणारा व्हॉल्व्ह मोठा असतो, बाहेर सोडणारा लहान. हवा आपणहून आत येत नाही, पिस्टननं ओढून आणावी लागते. धूर मात्र स्वतःच्या जोरानं बाहेर पळतो. पंगतीला माणसं बोलावून आणावी लागतात, उठताना कुणाला सांगावं लागत नाही, तसंच हे.

एवढं कळलं की सगळ्यांना एकच सुचतं, व्हॉल्व्ह आणखी मोठा करू, गाडी आणखी पळेल. कोल्हापूरचं माणूस मोठ्या गोष्टीवर जीव टाकणारं. मलकापूरहून एक जीपवाला आला होता. आंबा घाटात दुसरा एक वडापवाला, म्हणजे त्याच्यासारखाच माणसं भरून नेणारा जीपवाला, त्याला रोज मागं टाकायचा, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"मिस्त्री, शर्यतीचं व्हॉल टाका. हाय त्याच्या डब्बल टाका."

मी हेड उघडून पाहिलं. व्हॉल्व्ह, सीट, स्प्रिंगा, सगळं ठणठणीत. मी विचारलं, "घाट चढताना गाडीत माणसं किती असत्यात?"

त्यानं बोटं मोजली. "एकोणीस. आन कवा कवा दोन शेळ्या."

"मग व्हॉल मोठं करू का शेळ्या उतरवू?"

तो रागावून गेला. आठ दिवसांनी परत आला आणि म्हणाला, शेळ्या बंद केल्या, गाडी जरा बरी चढतीया. त्याच्या इंजिनाला मी पाना लावला नाही, पण कामाचा मान मलाच मिळाला.

मोठा व्हॉल्व्ह टाकायचा तर तो आणायचा कुठून, हाही प्रश्नच. आमच्याकडं शर्यतीचे सुटे भाग मिळायचे नाहीत. मग मी शर्टच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर आणि लोहचुंबक घालून पार्टांच्या दुकानांतून हिंडायचो. कुठल्या तरी वेगळ्याच गाडीचा असा व्हॉल्व्ह शोधायचा, ज्याचा दांडा आपल्याइतकाच जाड, लांबी आपल्याइतकीच, आणि डोकं दोनेक मिलिमीटरनं मोठं. लांबी जास्त निघाली म्हणून दांड्याचं टोक घासून कमी करायचं नाही. टोक तेवढं कडक केलेलं असतं, ते घासलं की खालचं मऊ लोखंड महिन्याभरात झिजून जातं. चुंबक धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी. त्याला लालभडक होईस्तोवर तापावं लागतं, आणि त्यासाठी जे उत्तम पोलाद वापरतात त्याला चुंबक चिकटत नाही. दुकानदार मला लांबून येताना बघून म्हणायचा, "आले बगा, चिकटत न्हाय म्हणून खूश होणारं गिऱ्हाईक."

व्हॉल्व्ह मिळाला की त्याची बसायची जागा, म्हणजे सीट, तिरक्या कोनात कापायची. मग दोघांच्या मध्ये घासायची पेस्ट लावून दोन तळहातांत दांडी फिरवत बसायचं, ताक घुसळल्यासारखं. शेवटी हेड उलटं करून व्हॉल्व्हवरच्या खोलगट वाटीत रॉकेल ओतायचं आणि चहाला जायचं. परत आल्यावर एक थेंब खाली आला असेल तर पुन्हा घुसळायचं. माझ्याकडून थेंब गळणारं हेड कधी बाहेर गेलं नाही. एवढा अभिमान मला मिरवू द्या, कारण पुढं मिरवण्यासारखं फारसं नाही.

मोठा व्हॉल्व्ह टाकल्यावर तो पिस्टनला घासणार तर नाही ना, हे बघावं लागतं. त्याची युक्ती अशी. पिस्टनच्या डोक्यावर खेळायच्या मातीचा गोळा ठेवायचा, हेड आवळायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं आणि हेड परत काढायचं. व्हॉल्व्ह त्या मातीत रुतलेला असतो. रुतलेल्या जागी ब्लेडनं काप घ्यायचा आणि जाडी मोजायची. जेवढी जाडी तेवढी मोकळी जागा. दीड मिलिमीटर राहिली की आम्ही निश्चिंत. ही युक्ती मला उस्तादांनी शिकवली. माती संपली तेव्हा त्यांचा हा शिष्य आपल्या अकलेनं डबा उघडून बसला. चपातीची कणीक काय वाईट! तेव्हापासून आमची ही रोज डब्याबरोबर कणकेचा एक गोळा द्यायला लागली. "तुमी खातासा का इंजनाला चारतासा?" असं एकदा विचारलं आणि नंतर विचारायचंही सोडून दिलं. नव्वदच्या दशकाची सगळी वर्षं मी कणकेवर काढली आणि कधी काही बिघडलं नाही.

मग दोन हजार सालानंतर चार-स्ट्रोकच्या जोरदार मोटारसायकली आल्या. त्याआधीच्या शर्यतीच्या गाड्या बहुतेक दोन-स्ट्रोक. त्यांना व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे ती पोरं माझ्या दारावरून हात हलवून पुढं जायची. आता ती आत यायला लागली. त्यांच्यातच एक आला हुपरीचा बसवराज, म्हणजे बसू. वय तेवीस-चोवीस, बोलणं कमी, हात देखणे. त्याच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम. सगळं घर त्यात गुंतलेलं. बसूकडं डाग द्यायचं काम होतं, म्हणजे फुंकणीच्या जाळानं कडीला कडी जोडायची. जाळ क्षणभर जास्त लागला तर कडीच वितळते. त्यामुळे त्या घरात ज्याच्या हाती फुंकणी, तो भरवशाचा माणूस. बसू महिनाभर फुंकणीवर बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी माळावरच्या मातीत शर्यत खेळायचा.

त्याच्या गाडीवर मी जीव ओतला. आत घेणारा व्हॉल्व्ह दोन मिलिमीटर मोठा, नव्या सीटा, शिवाय जोर वाढावा म्हणून हेडचा तळ घासून खाली आणला. म्हणजे व्हॉल्व्ह मोठा झाला आणि पिस्टनच्या जवळही आला. मी कणकेचा गोळा ठेवला, इंजिन फिरवलं, नट सैल करून हेड काढलं, काप घेतला. एक पूर्णांक सात. मी बसूला म्हणालो, "बिनघोर पळव."

शर्यतीला त्याचे वडील पहिल्यांदाच आले होते. आप्पा म्हणजे पांढरा सदरा, कपाळावर विभूती आणि तोंडात मोजून चार शब्द. दोन फेऱ्या बसू सगळ्यांच्या पुढं. आप्पांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली होती. तिसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर गाडीतून 'खाट्' असा आवाज आला आणि ती थांबली.

तिथंच हेड उघडलं. भोवती दहा-बारा जण जमले, त्यांत आमच्या गल्लीतले मिस्त्री, शर्यतीची पोरं आणि आप्पा. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

आता आमच्या धंद्यातलं एक सोयीचं वाक्य तुम्हाला सांगतो. डॉक्टरांचं जसं 'पथ्य पाळलं नसणार', तसं आमचं 'गिअर चुकला असणार'. भर वेगात चुकून खालचा गिअर पडला तर इंजिन भलतंच जोरात फिरतं, स्प्रिंगा व्हॉल्व्हला वेळेत बंद करू शकत नाहीत आणि पिस्टन त्याला गाठतो. असं होतं हे खरं. पण मिस्त्रीला ते जितक्या वेळा आठवतं, तितक्या वेळा ते होत नाही.

"गिअर चुकला," मी म्हणालो.

"न्हाय मिस्त्री," बसू म्हणाला. "तिसऱ्यातनं वर चौथ्यातच टाकलाय मी."

"घाईत पाय खाली पडला असंल. आप्पा बघायला आल्यात म्हटल्यावर व्हतंय असं पोरास्नी."

सगळे हसले. आप्पांनी पिशवी उचलली. जाताना ते कुणाला उद्देशून नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याचा पाय ठिकाणावर न्हाय, त्याचा हात तरी कसा असंल?"

पुढच्या आठवड्यात हुपरीचं एक गिऱ्हाईक सांगत आलं की आप्पांनी बसूच्या हातातली फुंकणी काढून धाकट्या चुलतभावाला दिली, आणि बसू आता घुंगरं निवडतो. मला वाईट वाटलं. पण पोरानं गिअर चुकवला त्याला मी काय करणार, असं मी स्वतःला समजावलं. गाडीचं इंजिन तसंच माझ्या दुकानात पडून होतं.

महिना गेला असेल. घरी सकाळी पाहुणे यायचे होते. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि ही पोळपाटावर वैतागली होती. "मुरली न्हाय कणीक. लाटतोय तवर परत मागं सरकतीया."

मी सहज विचारलं, "आन भाकरीचं पीठ?"

"ते कुठं मागं येतंय? थापलं तितंच ऱ्हातंय. तडकंल, पर मागं न्हाय येणार. एवढी वरसं जेवतासा, एवढं बी म्हाईत न्हाय?"

माझा चहा तिथंच राहिला. मी परातीतला कणकेचा गोळा अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत निम्मा भरून आला. हेडचे नट सैल करून ते काढायला मला पाव तास लागतो. पाव तास ती कणीक तिथं आपली फुगत बसलेली असणार.

"कणीक कुठं न्हेतासा? पावणं दारात येत्यात!" ही ओरडली. मी कणीक आणि भाकरीचं मळलेलं पीठ फडक्यात बांधून दुकान गाठलं. दोन पट्ट्यांमध्ये कणीक घालून बरोबर एक मिलिमीटरपर्यंत दाबली, सोडली आणि पाव तासानं मोजली. एक पूर्णांक सात. तसंच भाकरीचं, म्हणजे जोंधळ्याचं, पीठ दाबून मोजलं. एक.

म्हणजे बसूच्या इंजिनात जागा होती एक मिलिमीटर, आणि मी 'बिनघोर पळव' म्हणून पाठ थोपटली होती. इंजिन तापल्यावर आणि वेगात तीही उरली नसणार. साध्या गाड्यांत मुळातच ऐसपैस जागा असते, म्हणून माझी कणीक इतकी वर्षं खपून गेली. चूक माझी होती. पोराचा पाय ठिकाणावर होता. त्याहून वाईट विचार नंतर आला. आजवर किती जणांना मी 'गिअर चुकला असणार' म्हणून परत पाठवलं होतं, आणि त्यातल्या किती जणांचा चुकलाच नव्हता? त्याचा हिशेब आता लागणार नाही.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जावा की हुपरीला. एस्टी हाय की."

एस्टी होती. मीच नव्हतो. त्या आठवड्यात काम फार होतं. पुढच्या आठवड्यात गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात गुडघा बरा झाला, पण ढग आले होते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डबा उघडला तर आत चपाती नाही, भाजी नाही, नुसते दोन गोळे, एक गव्हाचा, एक जोंधळ्याचा. मी उपाशीपोटी हुपरीची गाडी धरली.

बसूच्या घरी पुढच्या सोप्यातच काम चाललं होतं. बसूची आई लगबगीनं म्हणाली, "कूडरी, कूडरी मिस्त्री," म्हणजे कानडीत बसा. चहा आला. बसू कोपऱ्यात सूप घेऊन घुंगरं निवडत होता, त्यानं फक्त मान हलवली. मी हवापाण्याचं बोललो, चांदीच्या भावाचं बोललो, मग बोलायला काही उरलंच नाही.

"बसू, तुजा गिअर चुकला नव्हता. माजं माप चुकलं."

ठोकाठोक थांबली. मी डब्यातले दोन गोळे काढून सगळं सांगितलं. बसूच्या आईनं कणीक दाबून पाहिली आणि तोंडाला पदर लावून हसली. बसू हसला नाही. तो खाली बघत म्हणाला, "मिस्त्री, मला चौथा पडल्याचं चांगलं ध्येनात हुतं. पर तुमी म्हणालासा म्हटल्यावर, चार दिसांनी मला बी आठवाय लागलं की दुसराच... माजा पाय मलाच परका वाटाय लागला."

इतक्या वर्षांत मला शिव्या पुष्कळ मिळाल्या, इतकं लागलं नव्हतं कधी काही. माझ्या शब्दावर त्या पोरानं स्वतःच्या पायापेक्षा जास्त भरवसा ठेवला होता. मला त्याच्याकडं बघवेना.

आप्पा म्हणाले, "हितं सांगून भागत न्हाय. बारा जणांत बोललासा, बारा जणांत सांगा."

रविवारी माझ्या दुकानासमोर बारा नव्हे, चाळीस माणसं जमली. उद्यमनगरात बातमीला चाकं लागलेली असतात. मी बाकड्यावर दोन गोळे मांडले, पट्ट्यांत दाबले आणि पाव तास सगळे त्या पिठाकडं टक लावून बघत राहिले. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब पाव तास. मग मी दोन्ही मापं मोठ्यानं वाचली आणि म्हणालो, "बसूचा गिअर चुकला नव्हता. चूक माजी. त्या दिवशी मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

मागून एकजण ओरडला, "पीठमिस्त्री की जय!" आणि बारसं झालं. आप्पांनी वाकून जोंधळ्याचा तुकडा उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि बसूला म्हणाले, "उद्यापास्नं जाळावर बस."

इंजिन मी पुन्हा बांधलं. या वेळी व्हॉल्व्ह एक मिलिमीटरनंच मोठा निवडला, नव्या पिस्टनच्या डोक्यावर त्याच्यासाठी खोबण काढली आणि माप जोंधळ्यावर घेतलं. पीठ हिच्या हातचं, मळतानाच्या सूचनांसकट. जोंधळ्यानं एक पूर्णांक आठ सांगितलं. मी परत कणकेला विचारायला गेलो नाही.

काही महिन्यांनी त्याच माळावर शर्यत होती. आमची तीच मंडळी, तेच आप्पा, तीच पिशवी. बसू सुरुवातीपासून पुढं. शेवटच्या फेरीत इंजिन एकाएकी असं किंचाळलं की माझा हात आपोआप डोक्यावर गेला. पण आवाज लगेच सावरला, गाडी पळत राहिली. मधल्या गडबडीत तिघं पुढं निघून गेले. बसू चौथा आला.

गाडी आमच्यापाशी थांबायच्या आधीच तो ओरडला, "मिस्त्री, आज मातूर गिअर चुकला! पाचव्याच्या ऐवजी खाली टाकला मी!"

सगळे खो-खो हसले. तिथंच हेड उघडलं. पिस्टनवर काजळी जशीच्या तशी बसलेली होती. आप्पांनी खिशातून चांदी तपासायचं भिंग काढलं, पिस्टनवर धरलं, सावकाश फिरवलं. "एक वरखडा न्हाय," ते म्हणाले आणि भिंग पुसून खिशात ठेवलं.

लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते, पण माझं लक्ष बसूकडं होतं. जे सांगायला मला तीन आठवडे, एक एस्टी आणि उपाशी पोट लागलं होतं, ते या पोरानं भर माळावर, बापासमोर, हेल्मेट काढायच्या आत सांगून टाकलं होतं.